वाचकांचे प्रश्न : कच्छच्या रणोत्सवाला निघण्यापूर्वी

हिवाळी सहलींविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कच्छच्या रणोत्सवासंबंधी असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयासाठी ठेवले आहे. भुजच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, बन्नीच्या गवताळ प्रदेशाच्या टोकाशी धोरडो नावाचे गाव आहे. गुजरातचे पर्यटन खाते २००५ पासून तेथे हा उत्सव भरवते. साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा तो चालतो. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन ग्रामांच्या यादीत धोरडोची निवड केली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातूनही विचारणा वाढली आहे. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

आम्ही दोघेही शिक्षक आहोत. सुट्टी मिळते ती दिवाळीत किंवा नाताळात. उत्सव नोव्हेंबरमध्ये सुरू होतो असे वाचले. मग दिवाळीच्या सुट्टीत गेले तर चालेल का? आणि पौर्णिमा गाठलीच पाहिजे का? (नाशिक)

जाता येईल, मात्र ज्या पांढऱ्या रणासाठी आपण एवढा प्रवास करणार, ते दिवाळीपर्यंत वाळलेले असेलच असे नाही. हे वाळूचे वाळवंट नव्हे. समुद्राचा एक जुना फाटा हजारो वर्षे गाळाने भरत गेला आणि त्यातून हा सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीचा प्रदेश तयार झाला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे कोरी खाडीच्या बाजूने समुद्राचे पाणी आत लोटतात आणि त्याच सुमारास राजस्थानातून येणाऱ्या लुणीसारख्या नद्यांचे गोडे पाणीही येथेच येऊन पसरते. पाऊस सरला की ऊन आणि वारा यांनी हे पाणी हळूहळू आटते आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा चिखलावर मिठाचा थर धरू लागतो. पाऊस लांबला किंवा जास्त झाला, तर नोव्हेंबरअखेरपर्यंत तेथे पाणी आणि ओला चिखलच दिसतो. थर पुरता वाळल्यावर त्याला भेगा पडतात, पाच-सहा कोनांच्या आकृत्या दूरवर उमटत जातात आणि प्रत्येक आकृतीच्या कडेला मिठाचे बारीक स्फटिक उभे राहतात. खाली वाकून हे पाहण्यासारखे असते, आणि ते डिसेंबरच्या मध्यानंतरच नीट पाहायला मिळते. अवकाळी पाऊस झाला तर जानेवारीतही हा थर विरघळतो, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रणाची स्थिती विचारून घ्यावी.

त्यामुळे आपल्या दोन सुट्ट्यांपैकी नाताळची निवडावी, असे मी सुचवेन. अडचण एवढीच की त्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. रजा टाकणे शक्य असेल, तर उत्तरायणाची म्हणजे संक्रांतीची गर्दी ओसरल्यानंतरचा आणि प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीच्या आधीचा किंवा नंतरचा काळ सर्वांत चांगला.

पौर्णिमेचा आग्रह मला योग्य वाटतो, फक्त त्यामागचे गणित समजून घ्यावे. पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारासच चंद्र उगवतो, त्यामुळे रणात उभे राहिले असता पश्चिमेला एक आणि पूर्वेला दुसरा असे दोघेही एकाच वेळी क्षितिजावर दिसतात, आणि मध्ये अडथळा म्हणून झाडसुद्धा नसते. शुद्ध त्रयोदशीला आणि चतुर्दशीला सूर्यास्तापूर्वीच चंद्र वर आलेला असतो, म्हणून ते दोन दिवसही उत्तम. पौर्णिमेनंतर मात्र चंद्रोदय दररोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा होत जातो. संकष्टीला चंद्रोदयासाठी जेवण किती लांबते हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्यांना वद्य चतुर्थीचे आरक्षण का घेऊ नये हे वेगळे सांगायला नको. रणात थांबण्याच्या वेळेवर बंधन असते आणि चंद्र वर येण्यापूर्वीच परतावे लागते. उत्सवाच्या काळात बहुधा चार पौर्णिमा येतात. त्रिपुरी पौर्णिमेला रण ओले असण्याची शक्यता जास्त आणि माघी पौर्णिमेपर्यंत दुपारचे ऊन तापू लागलेले असते. मार्गशीर्ष आणि पौष या दोन पौर्णिमांवरच नजर ठेवावी. उत्सवासाठी धोरडोला उभारल्या जाणाऱ्या तंबूनगरीतील या तारखांचे तंबू फार आधी भरतात. आरक्षण मिळाले नाही, तर अमावास्येच्या आगेमागे जाण्यास संकोच करू नये. शहरातील मुलांनी सहसा न पाहिलेले आकाश तेव्हा तेथे दिसते.

चौघांचे कुटुंब आहे. तंबूनगरीचे दर आमच्या आवाक्याबाहेरचे वाटतात. दुसरी सोय आहे का? आणि इकडून जायचे कसे? (कोल्हापूर)

प्रवासाचे आधी सांगतो. मुंबईहून कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी एक्स्प्रेस या गाड्या भुजपर्यंत जातात. दुपारी किंवा संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवतात. पुण्याहूनही भुजला साप्ताहिक गाडी आहे, ती आपल्याला अधिक सोयीची पडेल. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि हिवाळ्यात या गाड्या लवकर भरतात, तेव्हा तारीख ठरली की तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मुंबईहून भुजला विमानही आहे.

राहण्याच्या बाबतीत तंबूनगरी हा एकच मार्ग आहे, असा समज जाहिरातींमुळे पसरला आहे. तंबूनगरीच्या दरात भुजहून ने-आण, जेवणखाण आणि कार्यक्रम धरलेले असतात, आणि ज्यांना कशाचीही धावपळ नको त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे. परंतु धोरडो, होडको आणि आसपासच्या गावांत स्थानिक कुटुंबे पाहुण्यांसाठी भुंगे चालवतात, आणि होडको येथील ‘शाम-ए-सरहद’ हे निवासस्थान गावकरी मिळून चालवतात. भुंगा म्हणजे जाड मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले गोल घर. आत भिंतीवर मातीचेच उठावदार नक्षीकाम असते आणि त्यात आरशांचे बारीक तुकडे बसवलेले असतात. संध्याकाळी एक दिवा लावला तरी खोली उजळते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुज, भचाऊ, अंजार येथील असंख्य इमारती जमीनदोस्त झाल्या, पण बन्नीतील बरेच भुंगे टिकून राहिले, कारण गोल भिंत हादऱ्याचा जोर एका कोपऱ्यावर न घेता सगळीकडे वाटून देते. अशा घरात एक रात्र काढणे हा कच्छ समजून घेण्याचा भाग आहे, आणि खर्चही बराच कमी येतो.

माझ्या मते दोन रात्री रणाजवळ आणि दोन रात्री भुजमध्ये अशी विभागणी करावी. भुजला केवळ गाडी बदलण्यापुरते थांबणारे प्रवासी पाहिले की मला वाईट वाटते. प्राग महाल आणि आईना महाल तर आहेतच, पण भुजिया डुंगरावर भूकंपात गेलेल्या लोकांच्या स्मरणार्थ २०२२ मध्ये खुले झालेले स्मृतिवन संग्रहालय मोठ्या मुलांना अवश्य दाखवावे.

रणाचा भाग सीमेलगत असल्याने प्रवेशासाठी परवाना लागतो. तो ऑनलाइन काढता येतो किंवा भुजहून जाताना वाटेवरच्या भिरंडियारा येथील नाक्यावर मिळतो. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवावी. रोख रक्कम भुजमध्येच काढून घ्यावी, कारण पुढे मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि उघड्यावर वारा बोचतो. दिवसा मात्र मिठावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपतात. स्वेटर आणि काळा चष्मा दोन्ही लागतात.

आईचे वय ७४ असून गुडघे दुखतात. तिला नेणे योग्य ठरेल का? (सातारा)

न्यावे. वाहनतळापासून रणाच्या कडेपर्यंतचे अंतर उंटगाडीने पार करता येते आणि तेथवर रस्ता पक्का आहे. प्रत्यक्ष मिठावर मात्र काळजी घ्यावी. वरचा थर कोरडा दिसला तरी खाली ओला चिखल असू शकतो आणि पाय अचानक आत जातो. त्यांनी कडेलाच खुर्ची टाकून बसावे. दृश्य तेथूनही तेवढेच दिसते. चामड्याची चप्पल टाळावी, कारण मीठ चामडे खाते. तंबूत किंवा भुंग्यात पलंग किती उंच आहे आणि संडास कमोडचा आहे का, हे आरक्षणाच्या वेळी स्पष्ट विचारावे. नेहमीची औषधे पुरेशी बरोबर घ्यावीत. मोठे रुग्णालय भुजलाच आहे.

आमचे घर तीन पिढ्यांपासून हातमागाशी जोडलेले आहे. कच्छची वस्त्रे उत्सवाच्या बाजारात घ्यावीत की कारागिरांच्या गावी जाऊन? खरे अजरख कसे ओळखावे? (सोलापूर)

आपल्यासारख्या वाचकाने हा प्रश्न विचारला याचा आनंद वाटला, कारण मागाची जाण असलेल्या माणसाला या प्रवासात जे मिळेल ते इतरांना मिळणार नाही. उत्सवाच्या बाजारात चांगला माल असतो आणि अनेक कारागीर स्वतः बसलेले असतात, पण त्याच रांगेत यंत्रावर छापलेले कापडही ‘कच्छी’ म्हणून विकले जाते. म्हणून बाजारात पाहावे आणि खरेदी शक्यतो गावात करावी.

अजरख म्हणजे नैसर्गिक रंगांत ठशांनी छापलेले कापड. भुजपासून जवळच असलेले अजरखपूर हे गाव २००१ च्या भूकंपानंतर वसले. त्यापूर्वी बहुतेक खत्री छपाईकार धमडका येथे राहत होते. तेथील नदी आधीच आटलेली होती, आणि भूकंपानंतर भूजलातील लोहाचे प्रमाण एवढे वाढले की रंग बिघडू लागले. अजरखचा जीव पाण्यात आहे. कापड पुनःपुन्हा धुवावे लागते, आणि पाणी चांगले नसेल तर लाल आणि निळा दोन्ही मळकट येतात. म्हणून अनेक कुटुंबांनी पाण्याचा शोध घेत स्थलांतर केले.

आपण तेथे गेल्यावर छपाईच्या टेबलाइतकाच वेळ रंगाच्या मडक्यांजवळ द्यावा. कापडाची खळ काढून ते एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्या यांत भिजवतात. मग त्याला हिरड्याचे पाणी देतात, आणि कापड फिकट पिवळे होते. चुना आणि डिंक यांच्या लेपाने पांढऱ्या रेषा राखून ठेवतात. काळ्यासाठी लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात आणि त्याला चिंचोक्याच्या पिठाने दाटपणा आणतात. लाल येण्याच्या जागी तुरटीचा ठसा उठवतात. यानंतर निळीच्या हौदात बुडवणे, उन्हात वाळवणे, वाहत्या पाण्यात धुणे आणि शेवटी मंजिष्ठासारख्या रंगद्रव्यात उकळणे. एका कापडाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. किंमत पाहून कपाळाला आठी पडण्यापूर्वी हे सारे एकदा डोळ्यांनी पाहिलेले असावे.

ओळखण्याच्या खुणा सांगतो. कापड उलटे करून पाहावे. हाताच्या कामात रंग धाग्यात मुरलेला असतो, त्यामुळे उलट बाजू फिकी आणि कोरी राहत नाही. उत्तम अजरख तर दोन्ही बाजूंनी छापलेले असते आणि सुलट-उलट असा भेदच राहत नाही. ठसा जेथे ठशाला मिळतो त्या सांध्यांवर नजर फिरवावी. तेथे केसाएवढा फरक दिसतो. मीटरभर अंतरात तो कुठेच दिसला नाही, तर काम यंत्राचे समजावे.

भुजोडी हे वणकरांचे, म्हणजे विणकरांचे गाव अजरखपूरच्या वाटेवरच आहे. तेथील शालींत जादा बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, विणलेली नक्षी आणि ‘काला कॉटन’ या कोरडवाहू देशी कापसाचे कापड आपण हात लावून पाहावे. निरोणा येथे रोगनचे काम चालते. एरंडेल उकळून केलेला चिकट रंग तळहातावर मळतात आणि लोखंडी काडीने त्याची तार ओढून कापडावर सोडतात. काडी कापडाला टेकत नाही. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दुसऱ्या अर्ध्यावर तिचा ठसा घेतात. निरोण्यालाच तांब्याचा मुलामा दिलेल्या, गुराढोरांच्या गळ्यातील घंटा ठोकून बनवतात. कारागीर प्रत्येक घंटेचा सूर काठावर हलके ठोके देऊन लावतो. भरतकामासाठी अजरखपूर येथील ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ हे संग्रहालय आधी पाहावे. समाजासमाजांच्या टाक्यांतील भेद तेथे नीट मांडले आहेत, आणि ते पाहिल्यावर खरेदी करताना आपली फसवणूक होणे अवघड.

घासाघीस करावी का, असेही आपण विचारले आहे. बाजारात थोडीफार चालते. कारागिराच्या अंगणात बसून, त्याच्याकडून सगळे समजावून घेऊन, वर निम्मी किंमत सांगणे मला पटत नाही, आणि सोलापूरकरांना ते पटेल असेही वाटत नाही.

मी शास्त्रीय संगीताची विद्यार्थिनी आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमांत खरे लोकसंगीत ऐकायला मिळते का? (फोंडा, गोवा)

मिळते, पण मोठ्या मंचावर नृत्य आणि जलद चालींची गाणी जास्त असतात. आपण वाई गायनाची विचारणा करावी. सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या रचना उंच, ताणलेल्या स्वरात गाण्याची ही परंपरा कच्छमध्ये थोड्याच गायकांनी टिकवून ठेवली आहे. जोडिया पावा हे दोन बासऱ्या एकाच वेळी वाजवण्याचे वाद्यही मिळाल्यास ऐकावे. एक पावा सूर धरून ठेवतो आणि दुसऱ्यावर धून चालते, आणि वादक गालांत हवा साठवून श्वास न तोडता वाजवत राहतो. भोरिंदो हे मातीचे छोटे पोकळ वाद्य गुराख्यांचे आहे. त्याचा आवाज इतका कोवळा असतो की ध्वनिवर्धकावर त्याचे फारसे काही उरत नाही. गावात मुक्काम असल्यास यजमानांना सांगून शेकोटीजवळ छोटी बैठक ठरवता येते. कलाकारांचे मानधन आधी विचारून ठरवावे आणि त्यांच्याच हाती द्यावे.

आमच्या घरी दत्तभक्ती आहे. कच्छमध्ये दत्तात्रेयांचे स्थान आहे असे ऐकले. रणोत्सवाला जोडून तेथे जाता येईल का? (औदुंबर, जि. सांगली)

अवश्य. खावड्याच्या पुढे काळो डुंगर हा सुमारे ४६० मीटर उंचीचा, कच्छमधील सर्वांत उंच डोंगर आहे आणि त्यावर दत्तात्रेयांचे मंदिर आहे. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांपुढे आपले अंग ठेवले, अशी तेथील कथा असून त्या स्मरणार्थ आरतीनंतर ओट्यावर भाताचा प्रसाद ठेवतात आणि कोल्हे येऊन तो खातात. ते येतीलच असा हट्ट धरू नये. शांत बसावे आणि प्रकाशझोत टाकू नये. धोरडोहून तासाभराहून थोडा अधिक प्रवास आहे. वरून रणाचा जो विस्तार दिसतो तो धोरडोच्या मनोऱ्यावरूनही दिसत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. तो दिवस निवडल्यास दर्शन आणि चांदण्यातील रण दोन्ही साधेल. मात्र आरतीची वेळ आणि रणातील चंद्रोदय एकाच संध्याकाळी जमणार नाहीत, तेव्हा दोन संध्याकाळी वेगळ्या ठेवाव्यात.

याच बाजूने धोळावीराही जोडावे. हडप्पा संस्कृतीतील हे नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पूर्वी भुजहून भचाऊ-रापरमार्गे २०० किलोमीटरहून अधिक वळसा पडत असे. आता खावड्याहून रणाच्या मधून थेट रस्ता झाला आहे आणि दोन्ही बाजूंना पांढरे रण पाहत जाता येते. ज्या प्रदेशात गोडे पाणी आजही दुर्मीळ आहे, तेथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचे पाणी अडवून खडकात जे हौद कोरले आणि बांधले, ते पाहताना मराठवाड्यातील वाचकांना विशेष जवळीक वाटेल. सकाळी लवकर निघावे. वाटेत खाण्याची सोय फारशी नाही.

गावांत स्त्रियांचे फोटो काढले तर चालते का? आणि खाण्यापिण्याचे काय? (डोंबिवली)

विचारल्याशिवाय काढू नयेत. बन्नीतील अनेक मालधारी (पशुपालक) कुटुंबांत स्त्रियांनी छायाचित्रात येणे मान्य नाही, आणि नकार मिळाल्यास दुसऱ्यांदा विचारू नये. आपल्या बरोबरच्या स्त्रियांना घरात बोलावले जाते आणि भरतकाम दाखवले जाते. तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवावा. सीमा सुरक्षा दलाच्या चौक्यांचे फोटो काढू नयेत आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये.

जेवण साधे आणि उत्तम असते: बाजरीचा रोटला, लोणी, गूळ, वांग्याचे भरीत, कढी-खिचडी, ताक. भिरंडियाऱ्याला बन्नी म्हशीच्या दुधाचा मावा ताजा मिळतो, आणि भुजमध्ये हिवाळ्यात अडदिया ही उडदाची मिठाई मिळते. आपल्या गल्लीतील दाबेली मूळची मांडवीची आहे. तेथपर्यंत जाणे झाल्यास रुक्मावती नदीच्या काठी लाकडी जहाजे बांधण्याचे काम चालते, तेही पाहावे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, बरोबर काही नेऊ नये.

रानगाढवे आणि मिठागरे धोरडोला दिसतात का? (नागपूर)

नाही. ती दोन्ही छोट्या रणात आहेत, आणि छोटे रण धोरडोपासून बरेच दूर, सुरेंद्रनगर आणि पाटणच्या बाजूला आहे. घुडखर म्हणजेच भारतीय रानगाढव यांचे सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरचे अभयारण्य तेथे आहे. मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबे पावसाळा संपल्यावर तेथे जातात, जमिनीखालचे खारे पाणी पंपाने काढून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत उघड्या रणात झोपड्या बांधून राहतात. धोरडोच्या पांढऱ्या थराकडे पाहून मीठ आपोआप मिळते असा जो समज होतो, तो खाराघोड्याकडील एक मिठागर पाहिले की दूर होतो. परतीचा प्रवास अहमदाबादमार्गे करणार असाल, तर दसाडा किंवा झैनाबाद येथे एक मुक्काम करावा आणि पहाटे स्थानिक वाटाड्यासह जीपने निघावे. डिसेंबर-जानेवारीत तेथे सूर्योदय सव्वासात-साडेसातच्या सुमारास होतो, तेव्हा साडेसहाची वेळ ठरवली तरी पुरेशी आहे.